गार हवा

तिसऱ्यांदाही कॉम्प्युटर त्याच जागी बंद पडला.

"पहाट आली की मरतोय," राजरत्न म्हणाला आणि त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

विठ्ठलवाडीच्या त्या दोन खोल्यांत दुपारचं ऊन आलं होतं. राजरत्न जन्मापासून आंधळा. सिनेमांसाठी आवाज गोळा करायचा आणि जोडायचा. नदीवरची ही फिल्म म्हणजे त्याचं पहिलंच स्वतःच्या नावाचं काम, आणि संध्याकाळी समृद्धी, फिल्मची दिग्दर्शिका, ठाण्याहून ते ऐकायला येणार होती. सगळं झालेलं. पहाटेचा एक प्रसंग तेवढा अडला होता.

"दुकानवाल्याला बोलावू का?" दर्शनाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"तो आला की विंडोज उडवतो. दुसरं काही येतच नाही त्याला. थांब जरा."

त्याने मशीन पुन्हा चालू केलं. पहाटेचे आवाज एकेक करून वाजवले. पाणी वाजलं, पक्षी वाजले, काही अडलं नाही. मग सगळे एकदम लावले, उठला, आणि कॉम्प्युटरचा डबा चाचपत त्याच्या मागच्या जाळीवर तळवा धरून उभा राहिला. आतला पंखा जिवाच्या आकांताने घोंघावत होता. काही क्षणांत सगळं गप्प झालं.

"पंखा एवढा ओरडतोय, म्हणजे आत आग लागलीय," तो म्हणाला. "पण हवा गार येतेय, दर्शना. गार! उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाहीये."

त्याने प्लग काढला, डब्याचं दार उघडलं, लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि हात आत घातला. आत वायरींचं जंगल, पत्र्याच्या धारदार कडा. त्याचं मनगट धरायला दर्शना पुढे झाली आणि मध्येच थांबली. त्याची बोटं कुठेही धडपडत नव्हती. ओळखीच्या गल्लीतून चालल्यासारखी ती वायरींमधून वाट काढत पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर गेली.

"वरती गार," तो पुटपुटला. बोट पात्यांच्या मुळाशी उतरलं आणि चटकन मागे आलं. "खाली तवा!"

मग त्याने चारही कोपरे एकेक करून दाबून पाहिले. तीन घट्ट होते. चौथा हलला.

"ही खुंटी निसटलीय. सगळं एका बाजूला कललंय, प्रोसेसरला नीट टेकतच नाही. त्यात मशीन जोडून देताना प्रशांतने हौसेने त्याचा वेग वाढवून ठेवलाय. मीच सांगितलेलं, पळव म्हणून. एवढा पळणार, तर तापणारच की."

निवल्यावर त्याने तो पंखा वर उचलला. प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी खालची पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले होते. दर्शना पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, त्यामुळे घरात कापूस आणि स्पिरिट असायचंच. तिने ते हातात दिलं, पण पुसलं त्यानेच. पुसून झाल्यावर प्रोसेसरच्या चकचकीत चौकोनावर बोट टेकवून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

"एवढासाच आहे गं. काडेपेटीहून लहान." त्याचा आवाज खाली आला होता. "माझे सगळे आवाज यातून जातात. आणि याला स्वतःचा आवाजच नाही."

दर्शनाने त्या चौकोनाकडे पाहिलं आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे. चैत्यभूमीच्या रांगेत एकदा तिने आपल्या वडिलांचा चेहरा असा पाहिला होता.

खणात ठेवलेल्या नळीतली नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावून त्याने पंखा बसवला. चारही खुंट्या एकामागून एक टक्, टक् बसल्या. मशीन सुरू करून त्याने वेगाचं सेटिंग उघडलं आणि हात मागे घेतले.

"एरवी हा स्क्रीन वाचून दाखवतो, पण इथे माझ्याशी बोलत नाही. आता तू वाच."

तिने अडखळत इंग्रजी शब्द वाचले, तो सांगेल ती बटणं दाबली. वाढवलेला वेग उतरवून पूर्वीसारखा केला. तापमानाचा आकडा ती मोठ्याने सांगत राहिली, आणि तो चढेना, तशी दोघं हसायला लागली.

मग राजरत्नने हेडफोन काढून तिच्या कानांवर बसवले, पहाट लावली आणि स्वतः जाळीवर तळवा धरून उभा राहिला.

आधी नुसतं पाणी होतं. मग काठावरच्या चिखलात काहीतरी पिचकलं. लांबवर कुणीतरी खाकरलं. एक पक्षी बोलला, त्याला पलीकडच्या काठाने उत्तर दिलं. वल्हं पाण्यात शिरलं, निथळलं, पुन्हा शिरलं. कुणी पायऱ्या उतरून आलं, घागर बुडाली. गावामागे दुसरं गाव जागं व्हावं तसा आवाजामागे आवाज उठत गेला. सगळे एकत्र येण्याची ती जागा आली आणि दर्शनाने श्वास धरला.

जागा ओलांडून पहाट पुढे गेली.

"ऊन हवा येतेय," राजरत्न म्हणाला.

पण तिला ते ऐकू आलं नाही. संपल्यावर तिने हेडफोन काढले. डोळे भरून आले होते.

"ही कुठली नदी?"

"खडवलीची. तू होतीस की शेजारी."

"त्या दिवशीची?" तिचा विश्वास बसेना. "तिथे तर काहीच नव्हतं रे. सगळं धुकंच होतं."

राजरत्नचा तळवा अजून जाळीवरच होता.

"हो," तो म्हणाला, "तू तसं म्हणाली होतीस खरं."