केसभर चूक

दूरच्या शहरातल्या पोराबरोबर म्हातारी रोज फोनवर बिलियर्ड्स खेळायची आणि रोज हरायची. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली बाई, पण खेळता खेळता पोरानं चिडवलं की कान देऊन ऐकायची.

"आई, हे अंगातच असावं लागतं गं!"

"अंगात तर तुझ्या आळसही आहे. दोरीनं विहिरीचा दगड झिजतो, मेल्या. सराव करतेय मी."

"कर, कर. जिंकलीस की सांग!"

एकदा जिंकली होती ती, अगदी सुरुवातीला. "छान खेळलीस," म्हणून त्यानं फोन ठेवला, तो कित्येक दिवस केलाच नाही. घरात फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला होती.

आज डाव संपवणारा शेवटचा काळा चेंडू भोकाच्या तोंडाशीच होता. आंधळ्यानंही घातला असता. म्हातारीनं चष्मा पुसला, नीट नेम धरला आणि बोट सोडलं. चेंडू केसभर बाहेर राहिला. पोरानं तो लगेच आत घातला.

"हरलीस परत! अजून एक डाव, आई?"

"लाव बाबा."



इतकं नेमकं चुकायला तिला वर्षभर सराव करावा लागला होता.