कोळंबीची संमती

नामकरण खात्याच्या नाबरांनी दुभाष्या यंत्राची तार टाकीत सोडली आणि शिंपल्याला सरकारी आवाजात विचारलं, "तुमच्यात कोळंब्यांचं एक जोडपं राहतं, खरं का?"

"माझ्यात कुणी राहत नाही," शिंपला म्हणाला.

"सगळे घरमालक हेच सांगतात," असं हेमांगीला म्हणत नाबरांनी तार आणखी आत सरकवली.

कोळंबीची ही नवी जात हेमांगीच्या वडिलांनी, भागोजी तांडेलांनी, शोधली होती. ते गेल्यावर जातीला त्यांचं नाव देणं एवढंच तिच्या हाती उरलं होतं. पण यंत्रांना जलचरांची भाषा कळू लागल्यापासून ज्याला नाव द्यायचं त्याची संमती लागायची. नकार आला की अर्ज कायमचा बाद.

"नाव नको," आतून कोळंबी म्हणाली. "नाव असलं की लोक हाका मारत बसतात. आम्ही दोघं सुखात आहोत."

"दोघं नाहीतच मुळी," शिंपला म्हणाला.

नाबरांनी शिक्का उचलला.

"काका, थांबा जरा," हेमांगी म्हणाली. शिंपला उघडण्याआधी बाबा त्यावर नखाने दोनदा टकटक करत, आणि सगळी प्रयोगशाळा त्यांना हसायची. तिनेही तसंच केलं.

"अगंबाई, दार वाजवणारे आले!" कोळंबी म्हणाली. "किती दिवसांनी!"

"मी त्यांची मुलगी," हेमांगी म्हणाली. "ते आता येणार नाहीत. त्यांचंच नाव द्यायचंय."

शिंपल्याच्या फटीतून एक मिशी बाहेर आली.

"मग लिहा," कोळंबी म्हणाली. "पण हाक मारण्याआधी दार वाजवा."

"लिहा," शिंपलाही म्हणाला. "माझ्यात कुणी राहत नसलं, तरी दार ते माझंच वाजवायचे."