सात नंबरचा कागद

कण्याला इजा झालेल्या उंदरांना आपणहून लघवी होत नाही. रोज दोनदा पोट दाबून ती काढणं हे पीएचडीवालीचं काम. त्या जखमेवर शरीराच्याच पेशी तुटून पडतात. त्यांना आवरणारं औषध निम्म्या उंदरांना टोचलं होतं. कुणाला, ते सरांच्या बंद पाकिटात. आज सात नंबरच्या उंदराचं मूत्राशय हाताला रिकामं लागलं. मूत्राशय फुटलं की काय? तिने पिंजऱ्यातला ओला कागद उचलून हुंगला. लघवी आपणहून झाली होती! तेवढ्यात अपघातापासून व्हीलचेअरवर असलेल्या दादाचा फोन आला, त्याचा रोजचाच प्रश्न, “काय गं, धावला का तुझा उंदीर?” त्यानेच एकदा म्हटलं होतं, “चालायचं राहू दे, ही लघवीची पिशवी सुटली तरी जिंकलो.” पाकीट सोमवारी उघडणार होतं; तोवर ही औषधाची किमया की नाही, कळणार नव्हतं. “छे, कसला धावतोय!” कागद मुठीत आवळून ती खरं तेच बोलली.