मस्कतहून आलेली कॅसेट

रविवारी दुपारी जेवणं उरकली तसं सोमलिंगनं बैठकीच्या खिडक्यांवर चादरी बांधल्या. दाजींनी, म्हणजे त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं, मस्कतहून कॅसेट लावून बघायचा व्हिडिओ आणला होता. टीव्हीही तिकडचाच. ते सुट्टीवर आल्यापासून सात रस्ता चौकातल्या त्या घरातली गर्दी हटत नव्हती. आज मात्र सोमलिंगनं सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. आज त्याला एकच माणूस हवा होता.

गुरुलिंग आला. दारात चपला काढता काढताच म्हणाला, "अण्णा, खरंच वाजवताना दिसतो त्यो गिटारवाला?"

"दिसतो की. बोटंसुदिक दिसत्यात."

दोघांच्या ऑर्केस्ट्रात गुरुलिंग पुढं उभा राहून लीड गिटार वाजवी. सोमलिंग मागं, ड्रमच्या बाजूला, साथीला. गिटार कशी धरायची हे गुरुलिंगला सोमलिंगनंच शिकवलं होतं, याच घराच्या गच्चीवर, स्वतःच्या गिटारवर. गेल्या गणपतीत कार्यक्रम संपल्यावर एका बाईनं सोमलिंगला कौतुकानं विचारलं होतं, "तुम्ही गुरुलिंगकडं शिकता का?" तो हसून 'व्हय' म्हणाला होता.

काल सकाळी त्यानं ही कॅसेट एकट्यानं लावून पाहिली होती. कुणा गोऱ्या गिटारवाल्याचा जाहीर कार्यक्रम, सगळाच्या सगळा, घरी बसून बघायला विकत मिळणारा. "तिकडं याला ब्लूज म्हणत्यात," दाजी म्हणाले होते. पहिलं गाणं संपायच्या आत सोमलिंगनं बटण दाबून ती बंद केली. इतकं चांगलं त्याला ऐकवेना. आणि लगेच त्याच्या मनात आलं, हे गुरुलिंगला दाखवायला पाहिजे.

त्यानं गुरुलिंगला पडद्यासमोर सतरंजीवर बसवलं. स्वतः बाजूच्या खुर्चीत बसला. तिथून गुरुलिंगचा चेहरा नीट दिसत होता.

कॅसेट सुरू झाली. टाळ्या, आरडाओरडा, मग एकदम गिटार. गुरुलिंगच्या चेहऱ्यावर निळसर उजेड पडला. आधी तो हसत होता आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरत होता. थोड्या वेळानं बोटं थांबली. हसू गेलं. तोंड जरासं उघडं राहिलं. सोमलिंग खुर्चीत सैल होऊन बसला.

बहीण, जगदेवी, चहा घेऊन आली. गुरुलिंगनं कप घेतला आणि न बघताच खाली ठेवला. सोमलिंगनं आपला चहा सावकाश, चवीनं प्याला.

"काय म्हणतोस गुरू?" तो हळूच म्हणाला. "आपण म्हंजे वरातीत वाजवणारी माणसं. व्हय का न्हाय?"

गुरुलिंगनं त्याच्याकडं पाहिलं नाही. नुसता हात वर केला. गप्प बसा, अशा अर्थानं.

 सोमलिंगला कानाची पाळी तापल्याचं जाणवलं. पडद्यावर काय चाललंय हे त्याला आवाजावरून कळत होतं, पण त्याची नजर गुरुलिंगवरून हटत नव्हती. गुरुलिंगच्या भुवया वर जात होत्या, खाली येत होत्या. एकदा तो मोठ्यानं हसला. "बघितलं का अण्णा, तार कसली ओढली त्यानं!" पुढं एक संथ गाणं लागलं. गुरुलिंगचे डोळे भरून आले, वाहू लागले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

सोमलिंगला त्याच्या डोळ्यांत लाज हवी होती. निदान भीती. तो शोधत राहिला.

शेवटच्या टाळ्या विरल्या आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. गुरुलिंगनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"मला वाटायचं मला येतं," तो म्हणाला. "काय बी येत न्हाय की अण्णा. काय सुदिक येत न्हाय."

हे ऐकायलाच सोमलिंगनं त्याला बोलावलं होतं. शब्दही हेच. पण गुरुलिंगचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता. उद्या सकाळी उठून पहिल्यापासून शिकायला मिळणार, अशा आनंदात तो बोलत होता.

"तुमी बोलावलं म्हणून कळलं," तो पुढं म्हणाला. "दुसरा कुणी असता तर एकट्यानंच बघून शिकला असता. मला पत्ता लागू दिला नसता."

 सोमलिंगनं रिकामा कप उगाच बशीत फिरवला.

"आन् एक सांगा. त्या संथ गाण्यात शेवटाला त्यानं डावा हात कुटं नेला वो? वर नेला का खालीच ठिवला? माझ्या डोळ्यांत पाणी आलं हुतं. मला दिसलंच न्हाय."

सोमलिंगनं पडद्याकडं पाहिलं. मुंग्या वळवळत होत्या. तो गोरा ठेंगणा होता की उंच, हेसुद्धा त्याला आता सांगता आलं नसतं.

"मी बघितलं न्हाय," तो म्हणाला.

"म्हंजे?" गुरुलिंग म्हणाला. "हितंच तर बसला हुता की तुमी."

मग उत्तराची वाट न बघता तो उठला, व्हिडिओपाशी जाऊन उकिडवा बसला आणि कॅसेट मागं फिरवायचं बटण कुठलं ते शोधू लागला. सोमलिंगनं त्याला ते दाखवलं.