गावाचा फीडर

भर दुपारी सबस्टेशनचा फोन वाजला. पलीकडून नागपूरचे साहेब बोलत होते. "लोड वाढलाय. गावाचा फीडर बंद करा."

"साहेब, गावात मच्छीच्या बीजाच्या टाक्या आहेत," ऑपरेटर घनश्याम म्हणाला. "हवेची मोटार थांबली तर पिल्लं मरतात. कारखान्याचा फीडर अर्धा तास..."

"कारखान्याशी करार आहे. त्याला हात लावायचा नाही. आणि गावात आधी कळवत बसू नका, उगाच आरडाओरडा होतो."

सबस्टेशन सरकारी कंपनीकडून या खासगी कंपनीकडे आल्याला आठ महिने झाले होते. जुन्यांतले चौघंच कामावर राहिले होते, त्यांतला घनश्याम एक. त्याने मोबाइल काढला. टाक्या सांभाळणाऱ्या सुगंधाबाईचं नाव शोधलं. भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाइल खिशात घातला. मग स्विच फिरवला.

वीज दोन तासांनी आली. ड्युटी संपल्यावर तो घरी न जाता तलावाकडे गेला.

बायकांच्या गटाच्या सहा टाक्या तिथे ओळीने होत्या. मोटार आता चालू होती. पाण्यात बुडबुडे उठत होते आणि त्यांच्यावर बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून हलत होती. सुगंधाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती चाळणीने काढत होती.

"या भाऊ," ती म्हणाली. "चार टाक्या गेल्या. लाइन आता येईन, आता येईन म्हणून वाट पाहात राह्यलो. मंग गंज-बादल्यांनी पाणी हालवलं, पण तोवर टाइम होऊन गेला."

"सरकारी होती तवाबी लाइन जातच होती, मामी," काठावरून तिची सून कुंता बोलली.

"जात होती. रोज जात होती. पण भाऊचा फोन पहिले येत होता. आपून अगोदरच पाण्यात उतरत होतो."

घनश्याम चाळणीकडे पाहत राहिला. सुगंधाबाईने कपाळावरचं पाणी पुसलं.

"आज तुमची ड्युटी नोयती ना, भाऊ?"

"नोयती," तो म्हणाला.

"मले वाटलंच." ती सुनेकडे वळली. "कुंता, भाऊ उन्हातून आले. त्याइले पहिले पाणी दे."