समितीचे उस्ताद

ते दोन हजार चार साल. तेव्हा संगणकावरचे खेळ तबकडीवर मिळत आणि दुकानात वह्या-पेन्सिलींच्या शेजारीच मांडलेले असत. गोळीबाराचे, कापाकापीचे खेळ अठरा वर्षांखालच्या मुलांना विकावेत की नाही, हे ठरवायला तिघांची समिती बसली होती. निवृत्त मुख्याध्यापिका अध्यक्ष होत्या, त्यांना सगळे बाई म्हणत. सोबत एक मानसोपचाराचे डॉक्टर आणि एक वकील.

नियम साधा होता. खेळ शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्यावर मत द्यायचं नाही. आणि पुढचं पाहायचं तर आधी खेळून जिंकावं लागे.

वकील पहिल्याच दारात मेले. उठले, पुन्हा मेले. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले ते राहिलेच.

“आपल्याच्याने नाही व्हायचं हे,” बाई म्हणाल्या. “मी घरचंच माणूस आणते. म्हणजे बाहेर ब्र निघायचा नाही.”

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद येऊ लागले. हे नाव वकिलांनी ठेवलेलं. उस्ताद आपलं दिवसाचं काम उरकून येत, दमलेले. खुर्चीवर उशी ठेवून बसत. चहा घेत नसत; शिपाई त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवी. मग पडद्यावर माणसं पडू लागत आणि मागे बसलेले तिघं टिपणं काढत.

“काय उस्ताद, आज किती जणांना पोचवलंत?” वकील विचारत.

सुरुवातीला उस्ताद हसत. मग हसेनासे झाले. डोळ्यांखाली काळं आलं, दूध तसंच गार होऊ लागलं.

“झोप लागते का?” डॉक्टरांनी एकदा विचारलं.

“लागते. मग ते येतात.”

“कोण?”

उस्तादांनी पडद्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, परिणाम गंभीर.

शेवटचा खेळ उरला. त्याच्या शेवटी एक स्वयंपाकघर होतं आणि ओट्याखाली लपलेला एक म्हातारा. त्याला मारल्याशिवाय पुढचं दार उघडत नव्हतं. उस्तादांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

“हे मी नाही करणार. तो हात जोडतोय.”

“अहो, खोटंच आहे ना ते?” बाई म्हणाल्या.

“खोटं आहे, तर बंदी कशाला घालताय?”

पंखा करकरत राहिला. शेवटी वकिलांनी घसा खाकरला.

“उद्या अहवाल द्यायचाय, उस्ताद. एवढा एक पुरावा राहिला ना, तर दुकानदारांचे वकील आम्हाला सोलून काढतील. तुमचीही सगळी मेहनत पाण्यात.”

“मला घरी जायचंय.”

बाई उठल्या. त्याही थकल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकत उठल्या. त्यांनी उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला. “एवढं एकच करा. लेकरांसाठी. असलं काही बघून त्यांच्या कोवळ्या मनावर काय ओरखडे उठत असतील, विचार करा जरा.”

उस्तादांनी विचार केला असावा. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं. कान मात्र मिटता आले नाहीत. दार उघडलं.

कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या कुणालाही असले खेळ विकणं, हाती देणं, नुसते दाखवणंसुद्धा गुन्हा ठरला. वकील पुढे न्यायाधीश झाले. डॉक्टर या विषयावर गावोगाव भाषणं देत फिरले आणि फिरता फिरताच म्हातारे झाले. बाईंचा मोठा सत्कार झाला, टाळ्या थांबेनात. उस्ताद मात्र कैक महिने रात्री दिवा मालवू देत नसत. सत्कारालाही त्यांना येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा सहावीचा गणिताचा पेपर होता.