मास्तरांच्या कापडाची गोधडी

तिने मास्तरांची मोठी कात्री उचलली आणि वर्तमानपत्र कापायला घेतलं.

खाटेवरून घशातल्या घशात एक आवाज आला.

“काय झालं? कागद कापतेय म्हणून?” ती गोड आवाजात म्हणाली. “अहो, नमुना नको का आधी? चौकोन सगळे सारखे यायला हवेत ना.”

आणि तिने आणखी एक पान कापलं. सावकाश, पात्यांची करकर खाटेपर्यंत नीट पोचेल अशी.

कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा मास्तरांच्या दुकानातला पहिला नियम. दुकान खाली, घर वर. उभा जन्म त्यांनी बड्या लोकांचे कोट शिवले, पण बायकोला मशीनला हात लावू दिला नाही. नवी नवरी असताना तिने हौसेने एका कोटाला बटणं लावली होती. मास्तरांची लाकडी पट्टी तिच्या बोटांवर बसली, तीही गिऱ्हाइकासमोर. “हिच्या हातांना डोळेच नाहीत,” ते म्हणाले आणि गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. ते हसणं तिच्या कानांतून कधी गेलंच नाही.

उन्हाळ्यात मास्तरांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा बसली. शाबूत राहिले ते डोळे आणि कान.

त्यांचा व्यायाम करून घ्यायला एक तरुण मुलगी यायची. गोधडीचं तिनेच सुचवलं. “काकू, अशाने तुम्हीच आजारी पडाल. हाताने काहीतरी शिवत बसा. तुकड्याला तुकडा जोडायचा, बस्स. डोकं शांत होतं.”

डोकं खरोखरच शांत झालं. इतकं, की सकाळची कामं भराभर उरकून ती खुर्ची खाटेला चिकटवून बसू लागली.

दुकानातलं उंची कापड तिने वर आणलं. काळी लोकर, निळी लोकर, अस्तराचं रेशीम. “कुणासाठी जपलं होतं हो एवढं?” असं विचारत ती ते वेडंवाकडं कापायची. लोकरीला रेशीम जोडायची. टाके असे ढोबळ घालायची की त्यांतून बोट जावं. दोरा दातांनी तोडायची. मग तो तुकडा मास्तरांच्या नाकासमोर धरायची.

“जमलंय ना?”

मास्तरांचा चेहरा लालबुंद व्हायचा. कपाळावर घाम फुटायचा. घशातून घरघर निघायची आणि तिथेच विरायची. ती बघत राहायची. पोटभर जेवल्यासारखं वाटायचं तिला.

कापड ताणून धरायला दुसरं कुणी नव्हतं. तिने मास्तरांचा लुळा हातच कामाला लावला. कापडाचं टोक त्यांच्या उजव्या मुठीत कोंबायचं, एकेक बोट मिटायचं आणि दुसऱ्या टोकाकडून शिवत यायचं. “आजवर मी तुमच्या हाताखाली राबले. आता तुम्ही माझ्या.” एकदा ते टोक सुटता सुटेना. चादरीत अडकलं असेल म्हणून तिने हिसका दिला आणि ओढून घेतलं.

शेजारीण दारातून डोकावून जायची. “धन्य आहे बाई तुमची. क्षणभर नजरेआड करत नाही नवऱ्याला.”

“त्यांच्याशिवाय मला कोण आहे?” ती म्हणायची.

लेकीने एका शुश्रूषा केंद्रात मास्तरांचं नाव घालून ठेवलं होतं. ज्यांच्यात सुधारणेची आशा उरलेली नाही, तीच माणसं तिथे घेत. एकदा गेलं की कायमचं. “तिथली खाट रिकामी झाली की त्यांचे डॉक्टर बाबांना बघायला येतील,” मुलगी म्हणाली होती. “मग तू सुटलीस, आई.”

तिने ही बातमी मास्तरांना लगेच दिली. “तुम्ही गेलात की मशीन वर आणणार. इथे, या खिडकीत ठेवणार. मीच बसणार त्याच्यावर.” मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. दोन टाके आणखी वाकडे घातले.

गोधडी पुरी होत आली त्या आठवड्यात डॉक्टर आले. बरोबर मुलगी होती, व्यायामवाली होती. डॉक्टरांनी मास्तरांचा हात उचलला, सोडला, पुन्हा उचलला. मुठीत आपलं बोट दिलं.

“दाबा,” ते म्हणाले. मग भुवया उंचावून व्यायामवालीकडे वळले. “हे आमच्याकडे कशाला? यांना पकड आलीय.”

“मला वाटतच होतं!” व्यायामवालीने टाळीच वाजवली. “काकू, ही तुमची करामत. रोज समोर बसून शिवलंत, त्यांच्या हातात कापड दिलंत. आयुष्यभराचं काम डोळ्यांसमोर चाललेलं बघून शरीर उसळी मारतं.”

“घरीच ठेवा,” डॉक्टर म्हणाले. “असंच चालू राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत उठून बसतील. पुढे कामालाही लागतील.”

मुलगी रडत आईच्या गळ्यात पडली. ती मांडीवरची गोधडी घट्ट धरून तशीच बसून राहिली.

तेवढ्यात मास्तरांचा उजवा हात हलला. चादरीवरून फरफटत, थरथरत तो तिच्या मांडीपर्यंत आला आणि त्याने गोधडीची शिवण चिमटीत धरली. मास्तरांचे ओठ वाकडे झाले, जुळले, सुटले.

“आई, बाबा काहीतरी म्हणतायत तुला!”

सगळे खाटेवर वाकले.

“उसव,” मास्तर म्हणाले.